धाकट्याचा ताप

बाळाचं दुखणं पुन्हा उलटलं तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललं नाही, फक्त आवाज बदलला.

"आता परत छाती भरली तर मी घरी ठेवू देणार नाही. दाखल करावं लागेल," ते म्हणाले. "औषध लागू पडतंय. मग हे पुन्हा येतंय कुठून, ते घरात शोधा."

बाळाच्या आईने मान हलवली आणि घरी येऊन बाह्या सरसावल्या.

घर तसं लहानच. दोन खोल्या, मागे कपडे वाळत घालायची गॅलरी, आणि माणसं चार: आई, बाबा, बाबांची आई आणि नुकतं रांगायला लागलेलं बाळ. शिवाय एक ससा होता. राखाडी कापडाचा, एका कानाची शिवण उसवलेला, बाळाच्या लाळेने कायम ओलसर. त्याच्याशिवाय बाळाचा डोळा लागत नसे, म्हणून आजीने गमतीने त्याचं नाव धाकटा ठेवलं होतं आणि घरात तेच रूढ झालं. "धाकट्याला उचला, पायाखाली येईल," असं बाबाही गंभीर चेहऱ्याने म्हणायचे.

दवाखान्यातल्या नर्सबाईंचा चौकशीचा फोन आला तो नेमका आजीने घेतला. आजीला ऐकू जरा कमी येतं, पण बोलायची हौस दांडगी. घरात आणखी लहान मूल आहे का, असं नर्सबाईंनी विचारलं.

"आहे की, धाकटा. दोघं एकाच पांघरुणात झोपतात. याच्या तोंडातलं त्याच्या तोंडात."

"मग तिथूनच परत येतंय. त्याचा ताप पाहिलात?"

"त्याचा कोण पाहतंय?"

मग नर्सबाई सावकाश म्हणाल्या, "आजी, आजच्या आज पाहा. दोघांना वेगळं झोपवा. खेळणी गरम पाण्यात धुवा आणि वाळली की पिशवीत बंद करून ठेवा. पण धाकट्याला एकटं टाकू नका. लहान मूल भेदरतं."

आजीने हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं तेव्हा घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी पोट धरून हसलं. बाबा हसत हसतच थर्मामीटर घेऊन आले, तो सशाच्या काखेत घातला आणि वरून त्याचा हात दाबून धरला. थर्मामीटर वाजला. बाबांनी वाचला, पुसला, पुन्हा लावला.

"काय झालं?" बादलीत पाणी काढता काढता आईने विचारलं.

"काही नाही. तापलाय. बाळाच्या अंगाखाली असेल."

ससा सकाळपासून खिडकीतल्या गार फरशीवर पडून होता. तिनेच त्याला तिथे ठेवलं होतं. पण घरात आजारी मूल असलं की माणूस असल्या गोष्टींवर वाद घालत बसत नाही, हातातलं काम उरकतो.

हत्ती, सुरवंट आणि लोकरीचं बदक तिने उशीच्या अभ्र्यात घालून मशीनमध्ये टाकली. उसवलेल्या कानातून कापूस बाहेर येईल म्हणून ससा हाताने धुवायला घेतला. पाणी लगेच गढूळ झालं. तिने त्याला पाण्याखाली दाबून धरलं तेव्हा बुडबुडे आले. कापूस भरलेल्या खेळण्यातून ते येतातच. थांबेपर्यंत तिने त्याला दाबून ठेवलं.

उन्हात बाकीची खेळणी झटकन वाळली. ससाही वाळला, फक्त मान आणि काखा ओलसर राहिल्या. तिने त्याला उलटा टांगला, ड्रायर फिरवला. कोरडा झाला की थोड्या वेळाने काखा पुन्हा ओल्या.

"आतला कापूस जाड असतो," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच सांगितलं. शेवटी ससा अगदी खडखडीत कोरडा झाला, तेव्हा तिने त्याला पारदर्शक पिशवीत घातलं, दाबून हवा काढली आणि गाठ मारून पिशवी कपाटावर ठेवली.

आणि बाळाचा ताप उतरला. खोकला सैल झाला, भूक लागायला लागली, बाळ आजीचा चष्मा ओढून खदखदा हसलं. आई मोरीत जाऊन पोटभर रडली. हे असंच राहणार असेल तर घरातली प्रत्येक वस्तू जाळायला ती तयार होती.

कपाटावरची धूळ पुसायला ती स्टुलावर चढली तेव्हा तिला दिसलं. पिशवीला आतून वाफ धरली होती. सगळीकडे नव्हे. सशाच्या तोंडापुढेच, वाटीच्या तोंडाएवढी. ती बघत राहिली. वाफ आक्रसली, मग पसरली. मग पुन्हा आक्रसली...

"काय गं, काय बघतेस?" खालून आजीने विचारलं.

"काही नाही, आई. धूळ."

"धाकटा वाळला का?"

"वाळतोय."

"मग काढ ना खाली. एकटं ठेवू नका म्हणाल्या होत्या बाई."

"आई, ससा आहे तो."

"असू दे. मला आपलं बरं वाटत नाही."

आईने आत खोलीत पाहिलं. बाळ हत्तीची सोंड चावत बसलं होतं. गालांवर पुन्हा रंग आला होता. तिने गाठ सैल करून पिशवीतली उरलेली हवा तळहाताने हळूहळू बाहेर काढली, ती पुन्हा आवळली आणि वर दुसरी गाठ मारली. गाठ पक्की बसली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, छाती एकदम मोकळी आहे. घरी येताच ती आधी कपाटाकडे गेली. पिशवी स्वच्छ होती. वाफेचा मागमूस नाही.

"वाळला बघ शेवटी," बाबा म्हणाले. "दे आता त्याचा त्याला. इतके दिवस बिचाऱ्याने मागितलासुद्धा नाही."

गाठी सुटेनात, म्हणून तिने पिशवी कापली. प्लास्टिक सशाच्या तोंडावर घट्ट चिकटलं होतं, ते सोलून काढावं लागलं. आत फक्त साबणाचा वास होता. ससा गार होता, फरशीसारखा. तिला फार वाईट वाटलं. एका खेळण्यासाठी एवढं वाईट वाटावं याची तिला लाजही वाटली, पण त्याने काही कमी झालं नाही.

तिने ससा सतरंजीवर बाळापुढे ठेवला. एरवी बाळ झेप घालून त्याचा कान तोंडात धरायचं. आज त्याने एक बोट सशाच्या गालाला लावलं आणि लगेच मागे घेतलं. बराच वेळ नुसतं बघत बसलं. मग रांगत जाऊन त्याने आपलं दुपटं ओढत आणलं आणि सशावर घातलं. आधी पाय झाकले, मग पोट. मग दुपटं वर ओढून तोंड झाकलं आणि शेवटी दोन्ही कान.

आजीचं काम हातातच राहिलं. "हे याला कुणी दाखवलं...?" ती हळूच म्हणाली. बाळ जन्मल्यापासून या घरात कुणी वारलेलं नव्हतं.

आईने दुपटं बाजूला केलं. बाळ रडलं नाही, त्याने पुन्हा नीट झाकलं. तिने पुन्हा काढलं. आता त्याने वर तिच्याकडे पाहिलं आणि ते मागे सरकलं.

"ये राजा, आईकडे ये," ती म्हणाली.

ते आणखी सरकलं, पाठ भिंतीला लागेपर्यंत. आईने हात पुढे केला. तिच्या हातांकडे बघत बाळाने तोंड उघडून मोठा श्वास आत घेतला आणि तो सोडलाच नाही.