हेडबाईंची शेवटची कात

रातकिडे विकत घ्यायला निघालेली माणसं फार नसतात. त्यात रातकिड्यांना घाबरणारी तर मी एकटीच असेन. सकाळचे अकरा वाजलेले, हातात झाकणाला भोकं पाडलेला डबा, आणि मासे-पक्षी विकणाऱ्या दुकानदारासमोर मी उभी.

"किती देऊ?"

"बारा. मध्यम आकाराचे." मावशीने पाठ करून घेतलेलं वाक्य मी म्हणून टाकलं. "आणि हळू टाका हं. उडतात का ते?"

"ते नाही, तुम्ही उडालात आत्ता," तो म्हणाला.

खरंच होतं. त्याने डब्याला टिचकी मारली तेव्हा मी हातभर मागे सरकले होते.

मी अशीच आहे. दाराची घंटा, फोन, मागून आलेली हाक, कशानेही माझं काळीज गळ्यात येतं. मावशी मला दचकूबाई म्हणते. कॉलेज संपून वर्ष झालं होतं, मुलाखतीत आवाज कापतो म्हणून नोकरी लागत नव्हती, आणि मावशीचा गुडघा बदलायचा होता. दहा दिवस घर सांभाळायला तिने मलाच बोलावलं. आई म्हणाली, "हिला? अगं, तुझ्या त्या किड्यांनाच हिला सांभाळावं लागेल."

"चालेल," मावशी म्हणाली. "आहे तिथे सगळी सोय."

किडे म्हणजे मावशीचे मँटिस. प्रार्थनाकीटक. लांब मान, तिकोनी तोंड, पुढचे दोन पाय छातीशी जोडलेले. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्यावर मावशीने निवृत्तीत हा उद्योग वाढवला होता. मागच्या खोलीत लांब टेबलावर काचेच्या तीन पेट्या होत्या. एकीत वकील, सदा हात जोडून सावज शोधणारा. दुसरीत पोस्टमन, खाकी रंगाचा, दिवसभर येरझाऱ्या घालणारा. तिसरीत हेडबाई.

हेडबाई सगळ्यांत मोठी. त्या पावसाळ्यात फुटलेल्या अंड्यांतून दीडशे पिल्लं निघाली होती, त्यांतली मादी ही एकच उरली होती. एकोणीस वर्षांपूर्वी मावशीला अंड्यांची पहिली पिशवी मिळाली होती, तेव्हापासूनचा वंश आता हिच्यापाशी येऊन थांबला होता. एक शेवटची कात राहिली होती. ती नीट निघाली की पंख येणार, मग वकिलाशी लग्न, मग अंडी.

"लग्नानंतर ती त्याला खाऊन टाकेल बहुतेक," मावशी सहज म्हणाली. "त्याला अजून कळवलेलं नाही."

इस्पितळात जाताना टॅक्सीत बसल्यावरही तिचं चालूच होतं. "कात टाकायची असली की ती खाणं सोडते. पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या फुगतात. मग झाकणाच्या जाळीला उलटी लटकते. तेव्हा पेटीला हात लावायचा नाही. झाकण तर उघडायचंच नाही, तिने धरलेलं असतं ते. अंग मेणासारखं मऊ असतं. पडली तर संपली, वाकली तर तशीच वाकडी वाळते. आणि पेटीत जिवंत रातकिडा ठेवू नकोस. एरवी ती त्याला खाते. कात टाकताना तो तिला खातो."

"मी दचकले तर?" मी विचारलं.

"तर लांब जाऊन दचक," मावशी म्हणाली, आणि टॅक्सी गेली.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. सकाळी पेट्यांत पाणी फवारायचं, काचेवरचे थेंब त्यांना पिताना बघायचं. लांब चिमट्याने रातकिडा सोडायचा आणि डोळे मिटायचे. खोलीला ओल्या सालपटांचा, शेवाळाचा वास होता. कोपऱ्यात मावशीची वेताची खुर्ची. मी मात्र पेटीसमोर स्टूल घेऊन बसायची. का कोण जाणे, त्या खोलीत माझा जीव शांत व्हायचा. आठवडाभर कुणी मला नोकरीचं विचारलं नाही, हेही असेल.

चौथ्या दिवशी दुपारी एक बारीकसं झालं. मँटिसच्या डोळ्यात एक काळा ठिपका असतो. तुम्ही कुठेही उभे राहा, तो तुमच्याकडेच बघत असल्यासारखा दिसतो. पहिल्या दिवशी त्याला घाबरून मी पेटीवर रुमाल टाकला होता, तेव्हा मावशीने फोनवर समजावलं होतं. तो डोळा नव्हे, नुसता भास, जो बघेल त्याच्या बाजूलाच दिसतो. त्या दुपारी मी हेडबाईंच्या अगदी समोर बसले होते आणि ठिपका माझ्याकडे नव्हता. दोन्ही डोळ्यांच्या कडेला सरकून तो कोपऱ्यातल्या खुर्चीकडे लागला होता.

मी मावशीला फोन केला.

"असं होत नाही," ती म्हणाली. औषधांनी तिची जीभ जड झाली होती. "तू बघतेयस ना? मग तुझ्याकडेच दिसणार."

"नाही दिसत."

"मग तुझ्याहून नीट बघणारं कोणी बसलं असेल." ती हसली, आणि नर्सने तिच्याकडून फोन काढून घेतला असावा.

मी पण हसले. जरा उशिरा.

सहाव्या दिवशी माझी चूक झाली. सकाळी हेडबाईंच्या पेटीत रातकिडा सोडला. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तो काढायला हवा होता. पण काढायचा म्हणजे बाजूची छोटी सरकती काच उघडून हात आत घालायचा, आणि तो माझ्या मनगटावर चढला तर? खातील सावकाश, म्हटलं, आणि कपडे वाळत घालायला गेले. पाठीवरच्या पिशव्या मी पाहिल्याच नव्हत्या.

तीनच्या सुमाराला पाण्याचा भरलेला ग्लास घेऊन आले तेव्हा हेडबाई झाकणाला उलट्या लटकल्या होत्या. पाठीवर उभी चीर गेली होती. त्या चिरेतून काही तरी नवं, फिकट, ओलं खाली उतरत होतं. आधी पाठ, मग डोकं, जुन्या तोंडातून नवं तोंड. मी जागच्या जागी थिजले. इतकं सुंदर काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग खाली काही हललं. रातकिडा. पेटीतल्या आडव्या काटकीवर चढून तो मिशा वर करून उभा होता. त्या मिशांपासून हेडबाईंचं ओलं डोकं दोन बोटांवर असेल.

झाकण उघडता येत नव्हतं. काचेवर टिचकी मारता येत नव्हती. बाजूची काच सरकवायची, चिमटा आत घालायचा, आणि हात जरासुद्धा कापू द्यायचा नाही. माझा हात! ग्लास टेबलावर ठेवतानाच त्यातलं पाणी हिंदकळत होतं. चिमटा धुवून मी स्वयंपाकघरात ठेवला होता. चवड्यांवर चालत गेले. चिमटा घेतला. ओट्याला टेकून तीनदा श्वास मोजला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. एकोणीस वर्षं, आणि माझ्या भित्रेपणापायी...

अर्ध्या मिनिटात परत आले असेन.

काटकीवर रातकिडा नव्हता.

बाजूची काच बंद होती. हेडबाई अजून उतरत होत्या, सावकाश, धक्का न लागता. मी पेटीचा तळ बघितला, कोपरे बघितले. मग टक् टक् असा आवाज आला. अगदी बारीक. टेबलावर माझा ग्लास पालथा होता. त्याच्या आत रातकिडा काचेवर डोकं आपटत होता.

ग्लास मी भरलेला ठेवला होता. टेबल कोरडं होतं. जमीन कोरडी होती.

मी दोन्ही तळहात तोंडावर दाबले. ओरडले तर पेटी हलेल, पळाले तर फरशी हादरेल, एवढंच डोक्यात होतं. दाराला आतून कडी होती, मला माहीत होतं, मीच लावली होती. घरात कुणी नव्हतं. आणि कोपऱ्यातली वेताची खुर्ची... करकरली. कुणी उठताना करकरते तशी नाही. बसताना.

आयुष्यात पहिल्यांदा मी दचकले नाही. दचकायची सोयच नव्हती. हळूच स्टुलावर टेकले, खुर्चीकडे न बघता. हेडबाई पूर्ण बाहेर आल्या, वळल्या, स्वतःच्याच रिकाम्या कातीला धरून लटकल्या. मग पाठीवरच्या चुरगळलेल्या पुड्या उलगडायला लागल्या. ओल्या पानासारखे हिरवे, लांब पंख. तासभर लागला. तासभर त्या खोलीत आम्ही दोघं होतो, आणि दुसरं कोण ते मी वळून पाहिलं नाही. पण खोटं कशाला सांगू? शेवटी शेवटी मला सोबत वाटायला लागली होती.

रात्री अंथरुणात विचार केला आणि उलगडा झाला. काका! मावशीचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. घड्याळं दुरुस्त करायचे. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलणारा माणूस, त्याला रातकिडा किती जड? मला रडू आलं आणि छान झोप लागली.

त्यानंतरचे तीन दिवस फार सुखाचे गेले. खोलीत शिरताना मी म्हणायची, "आलात का काका?" पेट्या पुसताना त्यांना मुलाखतींच्या गमती सांगायची. एका मुलाखतीत साहेबांनी मला माझं नाव विचारलं आणि मी 'हो' म्हटलं, हेही सांगितलं. खुर्ची करकरली. हसले असतील. पाण्याचा ग्लास मी मुद्दाम भरून ठेवायची, संध्याकाळी तो रिकामा असायचा. मला बरं वाटायचं, कुणी माझ्या हातचं काही घेतलं म्हणून.

दहाव्या दिवशी मावशी वॉकर टेकत आली. चपलासुद्धा न काढता मागच्या खोलीत गेली, आणि पंख मिटून बसलेल्या हेडबाईंसमोर बराच वेळ उभी राहिली.

"दचकूबाई," ती म्हणाली, "तू केलंस हे?"

मी सगळं सांगून टाकलं. रातकिडा राहिला ते, ग्लास, खुर्ची. शेवटी म्हटलं, "काकांनी वाचवलं गं त्यांना."

मावशी खो खो हसत सुटली. वॉकर हलायला लागला. "तुझे काका? अगं, झुरळ दिसलं तर टेबलावर चढणारा माणूस तो. या खोलीचं दार पायाने ढकलून बंद करायचे, हात लावायचे नाहीत. मेल्यावर कुठलं धाडस येतंय त्यांना."

"मग... कोण?"

"मला आधी वाटायचं, माझी आई." तिने हेडबाईंच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. "आम्ही ही जागा घेतली त्याच वर्षी ती गेली. पण अंड्यांची ती पहिली पिशवी बघ, वर छताच्या कोपऱ्यात चिकटलेली होती, तिथे. स्टुलावर चढूनही माझा हात पुरेना. म्हटलं, राहू दे. सकाळी उठले तर टेबलावर होती, अलगद सोडवलेली. आई माझ्या खांद्याएवढी होती. तिचा कुठला हात पुरतो?"

"तू विचारलं नाहीस कधी?"

"कशाला? सांभाळून करतंय ना सगळं." ती लंगडत दाराकडे निघाली. "तू राहा महिनाभर. तुझ्याशी जमलेलं दिसतंय. मी जरा पडते."

मला राहायचंच होतं. खरं सांगते, आताही राहायचं आहे.

मावशी पलीकडे झोपली. दुपारचं ऊन टेबलावर पसरलं होतं. मी झाकण उघडून पहिल्यांदाच तळहात आत धरला, आणि हेडबाई डौलात, एकेक पाय तपासत, माझ्या हातावर आल्या. वजन जवळजवळ नव्हतंच. मी हात तोंडासमोर आणला. त्यांनी मान कलती करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, एवढं आयुष्य पुरे आहे की.

मागे वेत करकरला. या वेळी उठताना करकरतो तसा.

हेडबाईंचं तोंड माझ्यावरून सुटलं. त्या माझ्या खांद्यामागे बघू लागल्या. उठणाऱ्या माणसाकडे आपण बघतो तशी त्यांची मान हळूहळू वर जात होती. नजर माझ्या डोक्याच्या उंचीला आली. दाराच्या चौकटीच्या उंचीला आली. मला वाटलं, आता थांबेल... ती थांबली नाही. वर, आणखी वर, छत आणि भिंत मिळतात तिथपर्यंत गेली, आणि मग छतावरून पुढे सरकायला लागली. माझ्या डोक्यावर.

माझा हात कापला नाही. त्या होत्या ना हातावर.

"बसा ना," मी म्हटलं. आवाज अगदी स्वच्छ निघाला.

हेडबाईंची नजर खाली यायला लागली. सावकाश. दाराच्या उंचीवरून, माझ्या डोक्यावरून, खाली... आणि माझ्या उजव्या कानाशी येऊन थांबली.