सातव्या मागापलीकडे

घर चिडीचूप होतं. ओट्यावरून डब्याचं झाकण घरंगळलं, फरशीवर गरगरत राहिलं आणि थोपटून थोपटून झोपवलेली ठकू टक्क जागी झाली. चार वर्षांची पोर एकटी कुठे ठेवणार? घेतली कडेवर आणि संग्रहालय गाठलं.

संग्रहालय म्हणजे बंद पडलेल्या कापडगिरणीचं विणकाम खातं. चोवीस माग, जुन्या तेलाचा वास आणि देखभालीला मी. मदत देणाऱ्या ट्रस्टची माणसं उद्या येणार होती. एक तरी माग चालताना दिसला तर मदत, नाहीतर सगळे भंगारात.

जॉबरकाकांनी इथेच माग दुरुस्त करण्यात हयात घालवलेली. सकाळपासून ते सातव्या मागाशी झटत होते. आडवा धागा घेऊन धावणारा धोटा अर्ध्यातच अडकायचा.

"माझी सासू आहे ही," काका म्हणाले. "कितीही करा, नाक मुरडणारच."

मी हसले. ठकू मागापलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

काकांनी पाना खाली ठेवला.

"हिला हे कुणी शिकवलं?"

"काय?"

"खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. मागावरच्या बायका अशाच बोलायच्या. नुसत्या ओठांनी."

मला हे ठाऊकच नव्हतं. मग शिकवणार कोण?

"आजोबा," ठकू म्हणाली, "पट्टा आतून चिरलाय म्हणते ती."

धोट्याला फटका देणारा चामडी पट्टा काकांनी सोडवला, उलटा केला. बोटभर चीर.

नवा पट्टा चढला. काकांनी बटण दाबलं. धोटा सपासप धावू लागला, कापड तसूतसूने पुढे सरकलं. काकांनी बाहीने डोळे पुसले. वाचलं सगळं!

मग जाणवलं, एका मागाचा एवढा आवाज नसतो.

जमीन थरथरत होती. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. प्रत्येक मागासमोर, उभ्या बाईएवढी जागा तेवढी मोकळी सोडून.

भीती वाटली नाही. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं.

काकांनी माग बंद केला.

थरथर थांबली नाही.

ठकू एकेका मागाकडे बघून शहाण्यासारखी मान डोलावत होती. मग तिने माझं बोट ओढलं.

"आई, सगळ्या एकच विचारतायत."

"काय गं?"

"त्यांना घरी कधी सोडणार तू?"