रिकाम्या हाताचा एक्स-रे

पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. ज्या बाईच्या हातावर घडलं, ती आजही सातपाटीच्या कोळीवाड्यात आहे. तुम्ही विचारायला गेलात, तर ती आधी उजवा हात पदराखाली घेईल.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

नोव्हेंबरातला मंगळवार, दुपारचे अडीच. बोईसर स्टेशनजवळ एक्स-रेचं एक सेंटर. खाली झेरॉक्सचं दुकान, बाजूनं अरुंद जिना.

जयवंती तो जिना चढली तेव्हाच दमली होती. खरं तर तीस वर्षांपासून दमलेली होती. पहाटे बंदरावर, सकाळी टोपली घेऊन पालघरच्या बाजारात, दुपारी बोंबील वाळत घालायला. इतकी वर्षं राबलेला तो उजवा हात आता सुनेच्या ओढणीच्या झोळीत गप्प पडला होता.

सून जागृती सोबत होती. तारापूरच्या कंपनीत पॅकिंगला जाते ती. अर्धा दिवस टाकून आली होती.

"आई, टेकून बसा जरा."

"बसले तर उठनार नाय मी. मंग तूच ने उचलून."

रविवारी जागृतीच्या बहिणीची हळद होती, इथंच बोईसरला. त्या हळदीत एक चूक झाली होती.

जयवंतीच्या घरची रीत अशी, की बाईनं उजव्या हातात काचेची बांगडी घालायची नाही. लग्नाच्या दिवशी त्या हातातला चुडा दर्याला द्यायचा. बदल्यात दर्यानं तिचा धनी दर वेळी परत आणून द्यायचा. बाया पाण्यात उभ्या राहून म्हणायच्या,

घे रं दर्या बांगडी, हात केला रिता,
धनी माजा आणून दे, दिवस मावळता.

जयवंतीनं सात दिल्या होत्या. एक काढताना तडकली, तिचा टवका उडाला. तशीच दिली.

हळदीत बांगड्या भरायला आलेली जमना घाटावरची. तिला काय ठाऊक? तिनं दोन्ही हात धरले आणि दोन्ही भरले. जयवंती सकाळपासून उभी होती. नको म्हणायलाही तिला तोंड उघडवेना. एक दिवस तर आहे, कोण बघतंय...

रात्री उजव्या हातातल्या काढून ठेवल्या.

सोमवारी सकाळी ती मोरीत घसरली. पडली ती त्याच हातावर.

आणि नवरा रामा शुक्रवारपासून समुद्रात होता.

"जयवंती कोण?" आतून निमेशनं हाक मारली. एक्स-रे काढणारा पोरगा. सकाळपासून कंपन्यांतली ठेचलेली बोटं बघून त्याचे डोळे तांबारले होते.

"काकी, उजवा ना? हातात काही आहे? बांगडी, दोरा, घड्याळ?"

"काय बी नाय."

"पोटात काही... म्हणजे दिवस वगैरे?"

"माज्या पोटात आता भूक, नि काय!"

तो हसला. जागृतीला बाहेर पाठवलं. जयवंतीच्या अंगावर जड एप्रन बांधला, हात टेबलावर उताणा ठेवला. कोपरापासून मनगटापर्यंत, दोन्ही सांधे आत यायला हवेत म्हणाला. दोन फोटो निघतील, एक समोरून, एक कुशीवरून. हलायचं नाही. दुखणार नाही, फक्त हात वळवताना कळ येईल.

दार लागलं. खट् झालं.

शांत.

मग काचेपलीकडून त्याचा आवाज. "काकी, बांगड्या काढायला सांगितलं होतं ना!"

"अरं, हायेत कुटं?"

तो आत आला. हात बघितला. रिकामा होता. परत जाऊन त्यानं पडद्याकडे बघितलं. मनगटापासून चार बोटं वर हाड तडकलेलं स्पष्ट दिसत होतं.

आणि त्याच्या खाली... तीन गोल कडी.

"मशीनचं काहीतरी," तो पुटपुटला. हात कुशीवर वळवला. जयवंतीनं दात आवळले.

खट्.

या वेळी तो पडद्यावर वाकून बघत राहिला. म्हणून जयवंतीच उठली, दुखरा हात सांभाळत काचेपलीकडे गेली.

पडद्यावर सात बांगड्या होत्या. त्यातल्या एकीला... टवका उडालेला.

तिनं ओळखली.

दर्यानं परत दिल्या होत्या. दिलेलं परत आलं, तर रामाचं काय?

निमेशनं तिचं मनगट चाचपलं, आणि हात झटकून मागे सरला.

"काकी, हात ओला कसा तुमचा?"

ओला होता. बर्फासारखा गार. त्यानं बोटं नाकाशी नेली. खाऱ्या पाण्याचा वास.

"जागृती!" जयवंती ओरडली. "मच्छीमार संस्थेत फोन लाव! वायरलेसवर विचार, आपली होडी कुटं हाय!"

जागृती फोन लावत राहिली. होडीकडून उत्तर येत नव्हतं. निमेशनं दहा मिनिटांनी पुन्हा दोन्ही फोटो काढले. ते साफ आले. नुसती हाडं. पहिले दोन त्यानं पुसून टाकले. "मालक विचारील," एवढंच म्हणाला.

हाताला प्लास्टर चढलं. सहा आठवड्यांनी पुन्हा असाच फोटो काढून आणा, हाड जुळलंय का बघू, डॉक्टर म्हणाले. जयवंतीनं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

गुरुवारी होडी आली.

रामा चालत उतरला. जयवंती वाळूतच बसली. रडायलाही तिच्यात ताकद उरली नव्हती.

रात्री जेवताना तो सांगू लागला. मंगळवारी, दुपारचं जेवण झाल्यावर, जाळं ओढताना तो पाण्यात पडला. भाग्येशनं, त्याच्या जोडीदारानं, दोर टाकून वर घेतलं.

"पन दोर यायच्या आदी कुनीतरी मनगट धरलं माजं."

"कुनी?"

"बाईमानसाचा हात. जोरच नव्हता त्याला. पन सोडत नव्हता."

जयवंतीचा घास हातातच राहिला. "वर ओढीत होता का... खाली?"

रामानं ताट बाजूला सारलं.

"ते नाय समजलं."

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. त्याच जिन्यावरून जागृती तिला घेऊन गेली. रामा दोन दिवसांपूर्वीच पुन्हा समुद्रात गेला होता. जयवंती बाकावर बसली. फोटोत बांगड्या दिसल्या, तर दर्यानं सौदा मोडला. नाही दिसल्या, तरी धीर कसा धरायचा? त्या दिवशी साफ फोटो आले, तेव्हा रामा होडीवर आला होता की अजून पाण्यातच होता, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

निमेशनं हाक मारली. एकदा, दोनदा.

ती उठली आणि जिना उतरून गेली.

फोटो आजतागायत काढलेला नाही. हात थोडा वाकडा दिसतो. टोपली आता डाव्या हातानं उचलते.

रामा बाहेर असला, की रोज दुपारी अडीचच्या सुमारास ती किनाऱ्यावर जाते. गुडघाभर पाण्यात खाली बसते आणि उजवा हात कोपरापर्यंत बुडवून ठेवते. परवा जागृती बोलवायला गेली. पाणी चढत होतं.

"आई, चला ना. भिजताय. थकलाय किती."

"थांब गं," जयवंती म्हणाली. मान न वळवता.

"अजून दर्यानं हात सोडला नाय."