परसबागेतले भाडेकरू

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, चंदगड तालुक्यातल्या जांभूळवाडीच्या शाळेत, वैजयंतीबाईंनी सगळ्या मुलांसमोर जंताची गोळी तोंडात टाकली आणि चावली नाही.

दर वर्षी पहिली गोळी बाईंची असे. आधी बाईंनी चावून जीभ दाखवायची, मग मुलांनी. गोळी गालात लपवणाऱ्यांसाठी हा नियम त्यांनीच काढला होता.

"बाई, जीभ दाखवा की," पुढे बसलेली केतकी म्हणाली.

बाईंनी रुमाल तोंडाला लावून ठसका लागल्यासारखं केलं आणि जीभ दाखवली.

"एवढ्यात संपली पण?"

"तुझ्यासारखी चघळत बसत नाही मी."

वर्ग हसला. गोळी रुमालात होती. गेल्या वर्षीही ती तिथेच गेली होती.

त्याआधी दोन वर्षं बाईंच्या मोठ्या आतड्याला जखमा होत्या. शरीराचेच पहारेकरी आतड्यावर उलटले होते. शौचावाटे रक्त जायचं आणि शिकवता शिकवता वर्ग सोडून धावावं लागायचं. आतडं काढून पोटावर पिशवी लावायची तारीखही ठरली होती. तेव्हा कोल्हापूरच्या डॉ. शिरगावकरांनी त्यांच्या दंडावर एक ओली पट्टी चिकटवली. पट्टीत डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या होत्या. कातडीतून शिरून त्या लहान आतड्यात पोहोचल्या, वाढल्या आणि एक रस सोडू लागल्या. त्या रसाने पहारेकरी शांत झाले. प्रयोगशाळेत घडवलेल्या या किड्यांना डॉक्टर शांतकृमी म्हणत. बाई भाडेकरू म्हणायच्या, तेही मनातल्या मनात. गावात कुणाला सांगितलं असतं तर त्यांच्या हातचं पाणीसुद्धा कुणी प्यायलं नसतं.

"सगळे नर आहेत, अंडी होणार नाहीत," डॉक्टर म्हणाले होते. "जंताची गोळी मात्र घ्यायची नाही. हे मेले, की आठवड्याच्या आत रक्त सुरू होईल."

दुपारी आरोग्य केंद्राच्या सुनंदा सिस्टर आल्या. गोळीआधी घेतलेले मुलांच्या शौचाचे नमुने त्यांनी हातातल्या यंत्रात तपासले होते. त्यांनी पडद्यावरचं चित्र बाईंसमोर धरलं. जांभळ्या उजेडात काही अंडी हिरवी चमकत होती.

"केतकीचा नमुना. रानटी जंत असे चमकत नाहीत ओ बाई. ही खूण माणसाने घातलेली असते. गावात कुणी असा जंतांचा उपचार घेतलाय का?"

"केतकी कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"ती खुटखुटीत आहे. तिच्या भावाला गोवर निघालाय, काल गडहिंग्लजच्या दवाखान्यात हलवला. नमुना त्याचाही चमकतो. दोन्ही डोस मीच टोचलेत त्याला. लस लागलीच नाही म्हणायची."

लस म्हणजे पहारेकऱ्यांना चोराचा चेहरा दाखवून ठेवणं. पहारेकरीच झोपले, तर पाहिलेला चेहरा तरी ओळखणार कोण? बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. परसबागेत मुलं अनवाणी पायांनी मेथीला पाणी घालत होती. वाफ्यात पाय ठेवताना चपला बाहेर काढायच्या, हाही बाईंचाच नियम. अन्न पिकतं तिथे चपला कशा चालतील? खत शाळेच्या संडासाच्या खड्ड्यातलं होतं, आणि तोच संडास बाईही वापरायच्या. खड्डा पुरता कुजायच्या आधीच या वर्षी उपसला होता, कारण परसबागेच्या स्पर्धेचे परीक्षक यायचे होते. आणि त्या वाफ्यात सगळ्यांत आधी अनवाणी उतरायच्या त्या बाईच.

"सिस्टर, नर पाळलेला आणि मादी रानटी असेल तर?"

"एकाच पोटात दोन्ही असतील तर अंडी होणारच की. पण वर्षाला गोळी घेणाऱ्याच्या पोटात रानटी मादी टिकेल कशी?"

बाई उठल्या. त्यांनी मुलांना वाफ्यातून बाहेर बोलावलं, पाय धुवायला लावले आणि परसबागेच्या फाटकाला कुलूप घातलं. परत येऊन त्यांनी हात पुढे केला. "एक गोळी द्या."

"सकाळी घेतलीत ना?"

"द्या."

गोळी त्यांनी सावकाश चावली आणि सिस्टरांना जीभ दाखवली. सिस्टर त्या पांढरट जिभेकडे पाहत राहिल्या. मग यंत्राचा पडदा बंद करून त्यांनी खुर्ची ओढली. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी बाईंनी डॉ. शिरगावकरांना फोन केला. "तुमचं आतडं जाईल," डॉक्टर म्हणाले. "माहीत आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी पोटावरच्या पिशवीची चौकशी केली, वर्ग सांभाळायला शेजारच्या शाळेतल्या गुरुजींना सांगून ठेवलं आणि रक्ताची वाट पाहू लागल्या. रोज सकाळी शौचानंतर दिवा लावून त्या नीट बघत. पोट शांत होतं. पूर्वी या शांततेने त्यांना झोप लागायची. आता तिच्यावर कान ठेवून कुणीतरी आत बसल्यासारखं वाटायचं.

तो आठवडा गेला. पुढचाही गेला. गोळीने भाडेकरू मेले असतील, तर रक्त कुठे होतं?

केतकीचा भाऊ अजून दवाखान्यात आहे. गोळीनंतरचे मुलांचे आणि बाईंचे नमुने पुण्याला गेलेत, अहवाल यायचा आहे. बाईंना अजून रक्त गेलेलं नाही.