समक्ष वाचून दाखवले

आपलं घर विकलं गेलंय, हे आष्ट्याच्या रंगुबाईला कळलं तेव्हा एक परका माणूस तिच्या अंगणात टेप लावून मापं घेत होता.

दुसऱ्याच दिवशी सांगलीचे जमीन-घरांचे दलाल आकाराम संयोगिताकडे आले. खासगी तपास हा तिचा धंदा. सोबतीला निवृत्त हवालदार जोतिबा.

"करार आमच्या छापील नमुन्यावरचा, शिक्का माझा," आकाराम म्हणाले. "म्हातारी म्हणते, मी घर विकलंच नाही. सही मात्र तिचीच आहे."

कराराच्या तळाशी छापलं होतं, 'मालकास समक्ष वाचून दाखवले.' त्याखाली आकारामांच्या विक्री प्रतिनिधीची, विश्वजितची सही.

"शिक्का मारण्याआधी खात्री केलीत?"

"केली की. करारावरच्या नंबरला फोन लावला. मी विचारलं, तशी बाई लगेच म्हणाली, 'व्हय, वाचून दाखवलंय.'"

विश्वजितला बोलावलं. तो ठामपणे म्हणाला, "मी आजींच्या शेजारी बसून वाचला करार. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून अगदी हळू."

"दलालीसाठी यानेच फसवलं असणार," वाटेत जोतिबा म्हणाला.

आष्ट्यात जोतिबाने दारातून दोनदा हाक मारली. पाठमोरी रंगुबाई शेंगा फोडत राहिली. तो समोर गेला तेव्हाच तिने मान वर केली. तो बोलेपर्यंत ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. दुःखाने माणूस असाच होतो, जोतिबाला वाटलं.

भिंतीवर वर्दीतल्या तरुणाचा फोटो होता. त्याला हार नव्हता.

"माजा शंभूराज. बर्फात गेला, गावलाच न्हाई." सहीबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "त्याच्या पेन्शनच्या कागदांवर लय सह्या केल्या. अंजी दावंल तितं."

अंजी म्हणजे तिची मुलगी अंजना. लोणंदला दिलेली, आईला बघायला दिवाळीपासून इथेच होती. "त्या पोरानंच फसवलं आईला," ती तावातावाने म्हणाली.

संयोगिताने आकाराम आणि विश्वजितला तिथेच बोलावून घेतलं. सगळे जमल्यावर ती रंगुबाईच्या मागे उभी राहिली.

"आजी, घर विकायचंय का?" तिने मोठ्याने विचारलं.

रंगुबाई हललीसुद्धा नाही.

"विश्वजित, यांना तू हळू आवाजात करार वाचून दाखवलास?"

विश्वजितची मान खाली गेली. "सही झालेला कागद आयता मिळाला. मी इथं आलोच न्हाई."

"आणि आकारामभाऊ, यांना फोनवर तुमचा प्रश्न ऐकू आला कसा?" संयोगिताने करारावरचा नंबर लावला. अंजनाच्या हातातला फोन वाजू लागला.

"पेन्शनच्या कागदांत हा करारही सरकवलात, अंजनाताई."

अंजना आईसमोर खाली बसली. "पैशासाठी न्हाई गं, आई. दादा येणार म्हणून तू अजून रात्री दाराला कडी लावत न्हाईस. इथं झुरून मरशील. तुला लोणंदला न्यायचं हुतं मला."

रंगुबाईने तिच्या ओठांवरचा शब्दन् शब्द वाचला.

"करार रद्द," आकाराम कसंबसं म्हणाले. "शिक्का मारण्याआधी मी इथवर यायला पाहिजे होतं."

रंगुबाईचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

"तो येणार न्हाई, हे मला ठावं हाय, अंजे. कडी कवातरी मीच लावली असती. तू इचारलं असतंस तर आले असते मी."

"मग चल की आता!"

"मला ऐकू येत न्हाई, पोरी. आजवर तुज्या तोंडाकडं बघून चालले. आता कुणाकडं बघू?"

जोतिबाने तोंड फिरवलं. अंजना आईचे गुडघे धरून बोलत होती, विनवत होती, बोलतच होती.

रंगुबाईने डोळे मिटून घेतले होते.