आज त्याले सुट्टी

लाइट गेली ते बरंच झालं. ते मोबाइल ठेवा खाली अन् बसा सरकून. हरीओम, तू दाराकडं पाठ करून बस, नाईतर मधातच उठून पळशील.

हे काई ऐकीव नाई. माह्या सख्ख्या भाच्यासंग झालेलं हाये. रविकांत. शेलूबाजारात त्याचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान हाये, तुमी ओळखता त्याले. भुताखेताचं नाव काढलं की हसणारा माणूस. आता हसत नाई.

गेल्या सालचा दसरा. सोनं वाटून लोकं घरी आलते, दशमीचा चांद वर होता. रविकांत जेवून हात धुवून राह्यला होता, तवा आसेगावच्या धनराजचा फोन आला. "भाऊ, कंप्युटर चालू होते अन् लगेच बंद पडते. आत्ता येता काय?"

धनराजची बायको निता वैशाखात वारली. कावीळ अंगावर काढली बिचारीनं. कंप्युटर तिचाच होता, गावातल्या लोकायचे कागदं ती त्याच्यावर काढून देये. अन् तिचा आवाज आता तेवढ्या त्या डब्यात उरला होता, पोरीच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत. पोरगी सहा वर्षाची, संस्कृती. सणाच्या दिवशी तिनं हट्ट धरला, मले आईले ऐकाचं हाये. अन् डबा तर उभा राहीना.

"असा झटक्यानं बंद पडत राह्यला तर डिस्कच जाईन," रविकांत म्हणे. "मंग व्हिडिओ बी गेला समजा. कोणी हात लावू नका, मी येतो."

आता चूक पाहा. सकाळीच त्याच्या मायनं, म्हणजे माह्या बहिणीनं, त्याच्या हत्यारायची पूजा केलती. स्क्रूचा पेचकस, पक्कड, मीटर, समद्यावर हळद-कुंकू अन् आपट्याचं पान. पुजलेलं हत्यार दसऱ्याले कोणी उचलत नाई. माय दारात आडवी झाली, "सकाळी जाय," म्हणे. यानं कुंकवासकट पेचकस पिशवीत टाकला. "तिकडं लेकरू रडून राह्यलं, माय." त्याचं बी खोटं नव्हतं.

धनराजच्या घरात सणाची काई खूण नव्हती. मौत झालेल्या घरी वर्षभर सण करत नाईत. धनराज, त्याची म्हातारी माय कस्तुराबाई, अन् टेबलापाशी बसलेली पोरगी, एवढेच. कस्तुराबाईची नजर पेचकसावरच्या कुंकवावर अडकली.

रविकांतनं बटन दाबलं. पंखा फिरला, हिरवा लाइट लागला, अन् टप. बंद.

त्यानं वायर बदलली. संगं आणलेला पावर सप्लाय लावला. टप. रॅम काढून खोडरबरानं घासली, पंख्यातली धूळ झाडली. टप.

मंग त्याचं ध्यान बटनाकडं गेलं. बटनाच्या फटीत लाल-पिवळा थर जमला होता, तेल अन् कुंकू, कितीक सालाचं. रविकांत हसला. "सापडला चोर. बटन दाबलं की आतच चिकटून राह्यते, म्हून मशीन बंद पडते. हे कोण लावे?"

"निता," कस्तुराबाई म्हणे. "दर दसऱ्याले. पयले बोट याले लावे, अन् बोटाले उरलेलं पोरीच्या कपाळाले. मंग दिवस-रात कोणाले चालू करू देये नाई. म्हणे, आज त्याले सुट्टी हाये."

रविकांतनं स्पिरिटनं बटन घासून घासून कोरं केलं. कुंकू मशीनमध्ये पडाले नको म्हून पेचकस बी पुसला, अन् तो कापूस चुलीत टाकला.

चालू केला. पडद्यावर चित्र आलं. पोरीनं बापाचा हात धरला. धनराजनं व्हिडिओ शोधाले सुरुवात केली...

टप.

आता रविकांतले राग आला. त्यानं बटनाची वायरच उपसली. बटनाचा अन् मशीनचा संबंध तुटला, समजलं ना? आत दोन पिना असतात, त्याईले पेचकसाचं टोक टेकवलं की मशीन चालू होते. बंद करणारं बटन आता नुसतं शोभेचं होतं.

टेकवलं. चालू झाला. व्हिडिओ लागला. निता केकपाशी वाकलेली, हसून राह्यली होती. "संस्कृती, इकडं पाय..."

टप.

पंखा थांबला. खोलीत झिरोचा बल्ब तेवढा. रविकांतनं ब्याटरीचा उजेड डब्यावर टाकला.

बटन आत दबलेलं होतं.

वायर खाली लोंबून राह्यली. पोरगी बापाच्या मांडीवर. म्हातारी दारात. डब्यापाशी हात कोणाचाच नाई.

अन् बटन वर आलं. हळू... कोणी बोट उचलावं तसं.

सरळ सांगतो, माह्या भाच्याले भेव वाटलं. तरी त्याचा पेचकस पिनाकडं चाललाच होता.

"ठेव तो खाली," म्हातारी म्हणे.

"पण मावशी, डिस्क..."

"आज दसरा हाये. ती किती खेप सांगन तुले?"

रविकांतनं पेचकस खाली ठेवला. धनराज डब्याकडं पाहून राह्यला. "निता... सकाळी लावतो. सकाळी तरी लावू देशील ना? पोरीसाठी."

रविकांत वापस निघाला नाई. त्या रस्त्यानं एकट्यानं जायाची हिंमत नव्हती. तो ओसरीवर पडला. पोरगी आजीपाशी, त्याच खोलीत. चांद बुडाला. रातभर आतून काईच वाजलं नाई. तेच वाईट होतं, म्हणे.

उजाडलं तसा तो आत गेला. पयले बटन पाह्यलं. कोरं. त्याले हायसं वाटलं. पेचकस टेकवला, मशीन चालू झाली, अन् चालूच राह्यली. त्यानं पयले व्हिडिओ पेनड्राइवमध्ये घेतला, मंग लावला. निताचा आवाज घरभर झाला. धनराज भिताडाले टेकून रडला.

"पाह्यलं मावशी, समदं ठीक हाये," रविकांत म्हणे. "काल कुठी लूज असन."

काय म्हणतो हरीओम? थांब ना. एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या घरात कुंकू नव्हतं. निता सवाशीण गेली, तिचा करंडा तिच्यासंगंच सरणावर गेला. म्हातारी विधवा. देवाले बी वर्षभर चंदनच.

आईचा आवाज ऐकून संस्कृती उठली. डोळे चोळत आली, पडद्यापुढं उभी राह्यली. मंग रविकांतकडं वळली.

तिच्या कपाळावर एका बोटाचं कुंकू होतं. ओलं होतं अजून.