वल्लरीचं धाकरोपण

मालवणच्या समुद्रात, खोल तळाशी वसलेल्या दर्यातळ वस्तीत मूल पाच वर्षांचं झालं की शेजारीपाजारी एकच विचारत, "काय, धाकरोपण कधी?" मग मुलाला नवे कपडे घालायचे, औक्षण करायचं, तोंडात पेढा भरवायचा आणि रोपणकेंद्रात न्यायचं.

शर्वरीने लेकीची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली होती. आज मात्र यावंच लागलं. वल्लरी तिच्या मांडीवर पाय हलवत, कपाळावरचं कुंकू बोटाने नाकापर्यंत ओढत बसली होती.

"एक वाक्य म्हणायचंय, ताई. यंत्र चावत नाही," डॉ. खानोलकर हसले.

"आधी मला नीट समजवा. हिच्या डोक्यात नक्की काय पेरणार तुम्ही?"

डॉक्टरांनी पडद्यावर वल्लरीच्या मेंदूचं चित्र आणलं. त्यात दोन ठिपके होते.

"सदसद्विवेकबुद्धी आपण एक समजतो, पण त्या दोन असतात. एक विचारते, 'मोठी माणसं रागावतील का?' ती बाहेरून येते आणि आत घर करते. दुसरी विचारते, 'हे केलं तर मला माझंच तोंड बघवेल का?' ती आपली आपण आत उगवते. आम्ही पहिलीत आईचा आवाज रुजवतो. तेच धाकबीज. पाणी शिरलं की दालनांची दारं बंद होतात आणि बंद दार कुणासाठीही उघडायचं नसतं. एक उघडलं तर अख्खी वस्ती बुडेल."

"आणि दुसरीचं काय होतं?"

"मरत नाही ती. गप्प बसते."

शर्वरीने दुसऱ्या ठिपक्याकडे पाहिलं. केवढा लखलखत होता! मागच्या सरावात वल्लरीने बाहेर राहिलेल्या मैत्रिणीसाठी दार उघडलं होतं. "ती रडत होती ना," एवढंच तिचं म्हणणं. सगळे ओरडले तिला. शर्वरीही सगळ्यांदेखत ओरडली, आणि घरी आल्यावर कितीतरी वेळ तिला कुशीत घेऊन बसली.

"मी नाही म्हटलं तर?" तिने विचारलं आणि लगेच डोक्यात आवाज उमटला. 'शर्वरी, हा काय वेडेपणा? लोक काय म्हणतील?' हा तिच्या आईचा आवाज, याच खोलीत पेरलेला. आईला जाऊन किती वर्षं झाली, पण आवाज अजून तसाच, करारी. त्याच्यापुढे तिला 'नाही' रेटताच येईना.

म्हणून तिने पळवाट काढली. बाकीच्या आया डोळे वटारून, दरडावून वाक्य म्हणतात. आपण हळूच म्हणायचं, घास भरवताना बोलतो तसं. इतकं मऊ बीज काय रुजणार?

तिने वल्लरीचं डोकं छातीशी धरलं आणि ध्वनिग्राहकाजवळ कुजबुजली, "सोनू, बंद दार नको हं उघडूस."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या आणि यंत्र सुरू केलं.

आठवड्याने चाचणी झाली. रीत अशी की आईने बंद दाराबाहेर उभं राहायचं, बाहेरच्या बोळात गुडघाभर पाणी सोडायचं आणि आतल्या मुलाने तरीही दार उघडायचं नाही. आपली पोर नापास व्हावी, असं मनाशी घोकत शर्वरी गार पाण्यात उभी राहिली.

"वलू, उघड ना गं! पाणी चढतंय बघ!"

जाड काचेपलीकडे वल्लरी धावत आली. तिचा हात दार उघडायच्या बटणावर गेला. उघड. उघड, माझे बाई.

हात थांबला. आतल्या खोलीतून कुणी हाक मारावी, तशी वल्लरीने मान तिरकी केली. चेहऱ्यावर शांत, तृप्त हसू पसरलं.

"वलू! अगं, मी सांगतेय. आई!"

"पण आई नको म्हणतेय," ध्वनिवर्धकातून समजूत घातल्यासारखा आवाज आला.

पाणी ओसरलं, दार उघडलं. डॉक्टर टाळ्या वाजवत आले. "कमाल केलीत, ताई! दरडावलेला आवाज काही मुलं मोठी झाली की झुगारून देतात. मायेचा आवाज नाही झुगारता येणार. आता सगळ्या आयांना असंच बोलायला शिकवू."

शर्वरी ओल्या कपड्यांनीच खाली बसली आणि तिने लेकीला जवळ ओढलं. "घाबरलीस का गं एकटी?"

वल्लरीने आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं, एखाद्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं.

"एकटी कुठे? आई होती की माझ्याजवळ."